पट्टी उतरवा, भूमिका सोडू नका

भातकापणी उरकली, दिवाळी सरली की आमच्या भागाला उत्सवांचे वेध लागतात. माघापासून वैशाखापर्यंत कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी देवळांच्या आवारात गावकऱ्यांची नाटके होतात आणि त्यांतली बरीचशी अजूनही संगीत असतात. त्या सुमारास माझ्या दवाखान्यातल्या तक्रारींचे स्वरूप बदलते. एरवी गुडघ्यांविषयी बोलणारे सत्तरीतले गृहस्थ एकाएकी घशाविषयी बोलू लागतात. ‘वरचा षड्ज लागत नाही’ ही तक्रार कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मला मात्र ती दर हिवाळ्यात दोन-तीनदा ऐकायला मिळते. आणि मग एक-दोन दिवसांनी त्याच गृहस्थांच्या मुलाचा मुंबईहून दूरध्वनी येतो : ‘डॉक्टर, आता तुम्हीच नाही म्हणून सांगा. आमचं ते ऐकत नाहीत.’

हा लेख त्या ‘नाही’विषयी आहे. ते कधी म्हणावे लागते, आणि पुष्कळदा ते न म्हणताही काय करता येते, याविषयी.

मुलांची काळजी खोटी नसते. रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग, थंडी, धूळ, उंच रंगमंच, आणि वडिलांना रक्तदाब, मधुमेह, क्वचित हृदयात बसवलेला स्टेंट. पण दुसरी बाजूही पाहावी लागते. नोकरी संपली, जोडीदार गेला, मुले लांब राहिली, अशा माणसाला आठवड्यातून चार संध्याकाळी ठरल्या वेळी घराबाहेर काढणारी, त्याच्याकडून नवे पाठांतर करून घेणारी आणि तो आला नाही तर ‘का आला नाहीत?’ असे विचारायला माणूस पाठवणारी दुसरी कोणती व्यवस्था आपल्या गावांत उरली आहे? तालीम ही ती व्यवस्था आहे. एकटेपणा आणि निष्क्रियता यांचे ज्येष्ठांच्या शरीरावर होणारे परिणाम आम्ही रोज पाहतो. म्हणून ‘सोडून द्या’ हा सल्ला दिसतो तितका निर्धोक नाही. त्याचीही किंमत असते, फक्त ती रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

संगीत नाटकाचे एक बरे आहे की त्यात सर्व वयांना जागा असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आणले. ‘सौभद्रा’त शंभरावर पदे आहेत, ती सर्व आज कोणी म्हणत नाही, निवडून घेतात. निवडण्याची ही मुभा पहिल्यापासून या प्रकारात आहे आणि वयस्क नटाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. बोलपट आल्यावर १९३०नंतर व्यावसायिक संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक मोडल्या. ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांसारख्या नाटकांनी पुढे नवा बहर आणला हे खरे. पण मधल्या आणि नंतरच्या पडत्या काळात ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’, ‘मानापमान’ गावोगाव जिवंत ठेवली ती मास्तर, पोस्टमन, भिक्षुक, शेतकरी आणि दुकानदार अशा हौशी मंडळींनी. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग आहे, तोही त्यांच्याच बळावर चालतो. माझे ज्येष्ठ रुग्ण त्या पिढीतले शेवटचे आहेत. त्यांच्याजवळच्या चाली कागदावर लिहिलेल्या नाहीत.

आवाजाचे वय

वयानुसार स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता घटते, आणि स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होत जातात. पुरुषांच्या बोलण्याची पट्टी उतारवयात किंचित चढते, तर स्त्रियांची रजोनिवृत्तीनंतर उतरते. गाण्याचा पल्ला मात्र दोघांचाही आक्रसतो. तिकडे फुप्फुसांची क्षमताही कमी होत असते. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा तारुण्य ओलांडल्यावर दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते; धूम्रपान करणाऱ्यांत याहून वेगाने. म्हणजे तीस वर्षांपूर्वी एका दमात पुरी होणारी तान आज मध्येच तुटली तर तो आजार नव्हे.

यावर उपाय औषधाचा नाही, पेटीवाल्याचा आहे. पंचेचाळिशीत काळी दोनमध्ये गाणाऱ्याने सत्तरीत काळी एक किंवा पांढरी एक घेतली, तर कोणाचे काही बिघडत नाही. पण इथे अभिमान आडवा येतो. ‘मास्तरांची पट्टी’ ही गावात एक प्रतिष्ठेची गोष्ट असते आणि ती उतरवणे म्हणजे हार मानणे असे अनेकांना वाटते. मी त्यांना इतकेच सांगतो की श्रोत्यांतल्या शंभरांपैकी नव्वदांना पट्टी उतरल्याचे कळत नाही, आणि उरलेले दहाही त्याच वयाचे असतात. तान तोडून म्हणावी, श्वासाची जागा आधीच ठरवावी, तालमीत प्रत्येक वेळी पूर्ण आवाज लावू नये. रोज पंधरा-वीस मिनिटे खालच्या सप्तकात खर्जाचा रियाज आणि दिवसभरात पुरेसे पाणी, यांचा महिन्याभरात उपयोग दिसतो.

गाण्याने फुप्फुसांचा आजार बरा होतो असे काही जण सांगतात, ते मात्र खरे धरू नये. दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या रुग्णांनी नियमित गायन केल्यास त्यांना बरे वाटते, श्वासावर ताबा ठेवण्याचा आत्मविश्वास येतो, असे लहान प्रमाणावरच्या अभ्यासांत आढळले आहे. फुप्फुसांच्या चाचण्यांतले आकडे त्याने फारसे बदलत नाहीत. इनहेलर सोडून गाण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. स्टेरॉइडचा इनहेलर घेणाऱ्यांचा आवाज कधीकधी त्यामुळेच घोगरा होतो; स्पेसर वापरावा आणि नंतर चूळ भरून गुळण्या कराव्यात.

एक गोष्ट निक्षून सांगतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज ‘तालमीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. विशेषतः तंबाखू, विडी, मशेरी यांची सवय असेल किंवा पूर्वी होती, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर उपचार चांगले होतात, आणि गाणाऱ्या माणसाला तो इतरांपेक्षा लवकर जाणवू शकतो.

गोळ्या, ज्येष्ठमध आणि ठसका

नाटक ठरले की माझ्याकडे यावे, आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, असे मी सांगून ठेवले आहे. त्यात एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावाची रक्तदाबाची गोळी असेल तर मी पहिला प्रश्न खोकल्याचा विचारतो. या गटातल्या औषधांनी काही जणांना कोरडा, सतत टोचणारा खोकला लागतो. कफ नसतो, ताप नसतो, खोकल्याची औषधे निष्फळ ठरतात. बोलताना तो निभावतो, गाताना नाही. गोळी बदलून दुसऱ्या गटातली दिल्यावर तो बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी येऊन उपयोग नसतो. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद तर मुळीच करू नये. खोकला थांबेल, पण रक्तदाब चढेल.

ज्येष्ठमधाविषयी बोलल्यावर मंडळी माझ्यावर नाराज होतात. नटांच्या तोंडात ज्येष्ठमधाची काडी ही पूर्वापार चालत आलेली गोष्ट आहे आणि घशाला तिने बरे वाटते हे मलाही मान्य आहे. पण ज्येष्ठमधातला एक घटक शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम कमी करतो आणि रक्तदाब वाढवतो. रक्तदाबाच्या रुग्णाने, त्यातही लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्याने, दोन-दोन महिने रोज ज्येष्ठमध चघळणे योग्य नाही. खडीसाखर मधुमेह्याला वर्ज्य, हे सांगायला नकोच. तरी तालमीच्या जागी तिची वाटी सगळ्यांसमोरून फिरतेच. कोमट पाणी बिनविषारी आहे. ते कोणाला आवडत नाही हा भाग वेगळा.

प्रयोगाच्या दिवशी आवाज बसला म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणण्याची एक प्रथा आहे. साखर आणि रक्तदाब दोन्ही उसळतात, आणि सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर दिल्याने त्यांत रक्तस्राव होण्याची भीती असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ती अधिकच. तसेच छातीतली धडधड थांबावी म्हणून कोणी प्रोप्रॅनोलॉल सुचवले तर दम्याच्या रुग्णाने त्याला हातही लावू नये. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्यांनी घसा कोरडा पडतो आणि म्हाताऱ्या माणसाला संवादही आठवेनासे होतात.

प्रयोगाची रात्र

मधुमेह्यांसाठी सर्वांत फसवी गोष्ट अशी. रंगभूषा सुरू झाल्यावर जेवण मागे पडते. गोळी किंवा इन्शुलिन तर नेहमीच्या वेळी घेतलेले असते. मग विंगेत उभे असताना घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोके सुन्न होते. सगळे म्हणतात, ‘घाबरलेत, होतं असं.’ पन्नास वर्षे रंगमंचावर वावरलेला माणूस एकाएकी घाबरत नसतो. ती साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. ग्लुकोमीटर जवळ असेल तर पाहावे. ७०च्या खाली असेल, किंवा यंत्र नसेल आणि शंका असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. जेवण नेहमीच्या वेळी, थोडे हलके, दाढीमिशा चिकटवण्यापूर्वी उरकावे.

प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष अंक मध्येच सोडावा लागू नये म्हणून दुपारपासून पाणी बंद करतात. परिणाम उलटा होतो. घसा सुकतो आणि नमस्कारासाठी वाकून उठताना अंधारी येते. पाणी दिवसभर प्यावे, प्रवेशाआधीच्या तासाभरात कमी करावे. मंडळाने रंगमंचामागे जवळच आडोसा आणि तिथवर उजेड यांची सोय करावी. नेपथ्याला हजारो रुपये खर्च करणाऱ्या मंडळांना ही गोष्ट सुचत नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

पडणे हा तर खरा शत्रू. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात तरुणाचे डोळे लवकर सरावतात, सत्तरीतल्या माणसाचे नाही. मोतीबिंदू असेल तर प्रखर दिव्यासमोर काही क्षण काहीच दिसत नाही. पायात धोतराचा सोगा किंवा नऊवारीचा काठ, जमिनीवर वायरी, आणि मागे उतरायला कठडा नसलेल्या फळ्यांच्या पायऱ्या. मांडीचे हाड मोडले की पुढचे वर्ष सगळ्या घराचेच जाते. रंगमंचाच्या कडेला आणि पायऱ्यांवर पांढरी चिकटपट्टी लावावी, कठडा बांधावा आणि ज्येष्ठ नटाला अंधारात आणायला-न्यायला एक ठरलेला मुलगा नेमावा. त्याच मुलाच्या खिशात गोळ्यांची डबी असावी. हृदयविकाराच्या रुग्णाची जिभेखाली ठेवायची गोळी वेशभूषेच्या पेटीत तळाशी असून चालत नाही. छातीत दुखू लागले तर बसवून गोळी द्यावी आणि पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर पडदा पाडून १०८ला दूरध्वनी करावा. प्रयोग पूर्ण करण्याचा हट्ट तिथे कोणीही धरू नये.

आता ‘नाही’. थोड्या श्रमाने छातीत दुखणे, अलीकडेच आलेला हृदयविकाराचा झटका, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, हृदयाची झडप फार अरुंद असणे, अशा स्थितीत हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत मी स्पष्ट नकार देतो. इतरांच्या बाबतीत मी भूमिकेविषयी बोलतो. आमच्याकडच्या एका निवृत्त मास्तरांनी चाळीस वर्षे ‘सौभद्रा’तला नारद केला होता. दोन जिने चढताना दम लागत असे, तपासणीत हृदय थोडे अशक्त निघाले, औषधे सुरू झाली. मुलगे म्हणत, बंद. मास्तर म्हणत, नारदच. शेवटी तज्ज्ञांचे मत घेऊन ठरले ते असे : त्यांनी सूत्रधार करावा. नांदी म्हणायची, नटीबरोबरचा प्रवेश करायचा, साडेदहाला अंगावर शाल घेऊन पहिल्या रांगेत बसायचे आणि बाराला घरी जायचे. नारद त्यांनी एका तिशीतल्या मुलाला शिकवला. शिकवताना ते त्याच्यावर इतके रागावत की मला रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली, हेही नमूद करतो. ज्यांना गाणेच झेपत नाही त्यांना ‘संशयकल्लोळा’तल्या फाल्गुनरावासारखी गद्य भूमिका असते. तालीम घेणे असते, ऑर्गन असतो, आणि विंगेत वही धरून बसणारा प्रॉम्प्टर तर प्रत्येक मंडळाला हवाच असतो.

संवाद विसरणाऱ्याचे काय, हा सर्वांत नाजूक प्रश्न. एखादा संवाद गाळणे हे वयाचे लक्षण असू शकते. पण तालमीची वेळ विसरणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, तेच तेच विचारणे असे दिसू लागले तर तपासणी करावी. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे यांमुळेही स्मृती दुबळी वाटते आणि त्यांवर उपाय असतात. स्मृतिभ्रंशाच्या आजारात अलीकडचे आधी जाते. तरुणपणी पाठ केलेली पदे बऱ्याचदा खूप उशिरापर्यंत टिकतात. अशा व्यक्तीला एकट्याने प्रवेश देऊन गावासमोर उघडे पाडू नये, पण नांदीच्या समूहात उभे करावे. घरीही सकाळच्या आंघोळीला विरोध होत असेल तर ओळखीचे पद म्हणत सुरुवात करून पाहावी. दर वेळी जमते असे नाही.

हे सारे ज्येष्ठ कलाकारांविषयी झाले. काळजी घेणाऱ्यांनाही हौस असते हे मात्र आपण विसरतो. आमच्याच गावातल्या एका काकींची गोष्ट सांगतो. त्यांच्या तरुणपणी घरंदाज बाईने नाटकात उभे राहणे मान्य नव्हते. पन्नाशीनंतर, मुले मार्गी लागल्यावर, त्या रंगमंचावर आल्या आणि दहा वर्षे गायल्या. मग यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली, ‘हो’ एवढाच शब्द राहिला. काकींनी नाटक सोडले. सहा महिन्यांत त्यांची झोप गेली, वजन उतरले, आणि दोन रुग्णांची एक फाइल होण्याची वेळ आली.

मंडळातल्या बायकांनी मार्ग काढला. आठवड्यातल्या दोन तालमी त्यांनी काकींच्या पडवीत आणल्या. तिसऱ्या दिवशी काका खुर्चीवरून पदाच्या शेवटच्या शब्दांत मिसळले. शब्द स्पष्ट होते. हा चमत्कार नव्हे : बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते, चालीचे काम बरेचसे उजवीकडे होते, आणि डावी बाजू दुखावलेल्या काही रुग्णांना बोलता न येणारे शब्द गाता येतात. वाचाउपचारात चालीचा असा उपयोग १९७०च्या दशकापासून होत आला आहे. मात्र तो उपचार वाचातज्ज्ञांकडून शिकून घ्यावा लागतो आणि प्रत्येकालाच त्याचा लाभ होतो असे नाही. काकांचे बोलणे अजून फारसे सुधारलेले नाही. ‘पाणी’ मात्र ते आता चालीवर मागतात.

काकींनी यंदा छोटी भूमिका घेतली आहे. बाहेरच्या तालमींना काकांजवळ कोणी बसायचे, त्याची नावे मंडळाच्या फळ्यावर पात्रांच्या यादीखालीच लिहिलेली असतात. मंगळवारी माझे नाव आहे.